कोरीन डुडेकचा तिसरा चौकोन

झाकणांच्या कारखान्यात साडेअकराचा भोंगा झाला की दिवसपाळीच्या बायका कॅन्टीनमधलं खिडकीजवळचं टेबल धरत. त्या टेबलाचं यजमानपद रोझली फाब्रित्सिओकडे होतं. तिला ते कुणी दिलेलं नव्हतं, पण एकोणतीस वर्षं एकाच खुर्चीत बसलेल्या बाईला असलं काही विचारायला कोण जातं? दातांचा डॉक्टर कुठला चांगला, बर्फातले टायर कुठून घ्यायचे, नाताळला सासूला काय दिलं म्हणजे ती गप्प बसेल, सगळ्याचे निकाल तिथेच लागत. अमेरिकेतल्या या ईरी गावात वकिलांना तोटा नाही. तरी झाकणवाल्या बायकांचं खरं न्यायालय म्हणजे ते टेबल.

ऑक्टोबरात कोरीन डुडेकचा घटस्फोट मंजूर झाला आणि त्याच आठवड्यात ती एक फॉर्म घेऊन या न्यायालयात आली.

फॉर्म सरकारचा. पगारातून दर पंधरवड्याला किती कर कापून घ्यायचा, ते ज्याचं त्याने त्यावर लिहून द्यायचं. लग्न झालं की नवा फॉर्म, मोडलं की नवा फॉर्म. बारा वर्षं कोरीनचे असले कागद तिचा नवरा ब्रेट भरत आला होता. ती नुसती सही करायची, तीही स्वयंपाक करता करता, ओल्या हाताने. आता वर तीन चौकोन होते आणि त्यातल्या एकात खूण करायची होती. पहिला एकट्यांचा, दुसरा जोडप्यांचा, आणि तिसऱ्यापुढे लिहिलं होतं, कुटुंबप्रमुख.

"पहिल्यात कर खूण," कागदाकडे न बघताच रोझली म्हणाली. "आणि खाली शून्य लिही. झालं."

मुलं दोन आहेत, त्यांचं काय, असं कोरीनने विचारलं. त्यावर सगळं टेबल तिला समजवायला पुढे सरसावलं. मुलांचं आत्ता काही मागायचंच नाही. सरकारला भरपूर कापू द्यायचं, हूं की चूं करायचं नाही, आणि फेब्रुवारीत हिशेब पाठवला की जास्तीचे सगळे पैसे एकरकमी परत येतात. रोझलीच्या घरातला तपकिरी सोफा असाच आला होता. पलीकडच्या बाईच्या दोन दाढा, तिच्या शेजारणीचे चार टायर, सगळे शून्याच्या कृपेने. दर वसंतात त्या टेबलावर कुणाला काय मिळालं याचं वाचन होई, आणि ऐकणाऱ्या बायकांचे चेहरे बघण्यासारखे असत.

आता खरं सांगायचं तर जुन्या फॉर्मवर एक आकडा लिहायची जागा असायची, आणि तिथे शून्य घातलं की कपात जास्तीत जास्त होई. तो फॉर्म रद्द होऊन काही वर्षं लोटली होती. नव्यावर तसली जागाच राहिली नव्हती. पण टेबलाने तो बदल मनावर घेतलेला नव्हता. तेव्हा कोरीनने एकट्यांच्या चौकोनात खूण केली, मुलांच्या रकान्यात वाटोळं शून्य काढलं, आणि कागद पगाराच्या खिडकीत सरकवून आली.

पहिला चेक हातात आला तेव्हा तिला वाटलं काहीतरी चुकलंय. दर पंधरवड्याला एकशे तीस डॉलर नुसत्या या एका कराचे जात होते. वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्यांचं भाडं, वीज, गॅस, गाडीचा विमा. आणि सहा वर्षांच्या टेसाची शाळा सुटल्यापासून कोरीन येईपर्यंतची सोय. ती चर्चच्या तळघरात होती, आठवड्याला पंचाहत्तर डॉलर. अकरा वर्षांचा एमेट स्वतः किल्ली लावून घरात शिरायचा, पण सहा वर्षांच्या पोरीच्या हाती किल्ली देता येत नाही. ब्रेट ठरलेले पैसे ठरल्या तारखेला पाठवायचा, त्यात त्याला नावं ठेवायला जागा नव्हती. तरीही महिन्यातून दोनदा शंभरेक डॉलर कमी पडत. नोव्हेंबर आणि डिसेंबर तिने शिलकीवर काढले. जानेवारीत शिल्लक संपली.

नेमक्या त्याच वेळी मुकादम व्हर्ननने संध्याकाळची पाळी पुढे केली. तीन ते साडेअकरा, तासाला दीड डॉलर जास्त. माणूस वाईट नव्हता. त्याच्या हिशेबी तो तिच्यावर उपकारच करत होता. शुक्रवारपर्यंत सांग, म्हणाला.

दीड डॉलर जास्त, शिवाय तळघराचे पैसे वाचणार. आकड्यांत बघितलं तर प्रश्न सुटत होता. पण संध्याकाळची पाळी म्हणजे सोमवार ते शुक्रवार मुलं झोपणार ब्रेटकडे. ब्रेटने फोनवर लगेच हो म्हणून टाकलं होतं, अगदी मनापासून. खोली रिकामीच आहे, म्हणाला. भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं. आज मुलं एक आड एक शनिवार-रविवार त्याच्याकडे जात आणि परत येत. उद्या ती आईकडे एक आड एक शनिवार-रविवार येतील आणि परत जातील. एवढाच फरक.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ती पाळी बदलायचा कागद मागायला पगाराच्या खिडकीशी गेली.

खिडकीमागे ओडेल ग्राइम्स बसत. साठी उलटलेले, गळ्याला बो, आणि आवाज असा की मागच्या रांगेतल्या माणसालाही वाटावं, हे आपल्याशीच बोलताहेत. वीस वर्षं ते दर रविवारी त्यांच्या चर्चमध्ये बायबल वाचून दाखवत आले होते. खिडकीच्या काचेवर त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी लावली होती: कराबद्दल सल्ला मागू नये. कंपनीचा नियमच होता तसा. पगार करणाऱ्याने कुणाला सांगायचं नाही, काय लिही आणि काय लिहू नकोस. पुढे गडबड झाली की माणसं खिडकीवरच येऊन आदळतात.

पाळी बदलायचा कागद ओडेलनी काढला, पण हातातून सोडला नाही.

"मिसेस डुडेक, ऑक्टोबरातला तुमचा फॉर्म माझ्याकडे आहे. त्याबद्दल मला काही बोलता येत नाही."

"मग नका बोलू," कोरीन म्हणाली. ती दमलेली होती. "आणि मिसेस आता राहिले नाही मी."

"तेच," ओडेल म्हणाले, आणि चष्मा नाकावर खाली घेतला. "बोलायला बंदी आहे. वाचून दाखवायला मात्र कुणी बंदी केलेली नाही."

त्यांनी कोरा फॉर्म समोर धरला, घसा साफ केला आणि पहिल्याच पानावरचा मजकूर वाचायला घेतला. सरकारी मजकूर असा वाचलेला तिने कधी ऐकला नव्हता. वाक्य संथ लयीत चाललं, योग्य त्या शब्दापाशी थांबलं, श्वास घेतला आणि पुन्हा निघालं. तिसऱ्या चौकोनाशी आल्यावर त्यांनी आवाज आणखी खाली आणला.

"'विवाहित नसाल,'" ते थांबले, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, "'आणि स्वतःसाठी व तुमच्यावर अवलंबून असलेल्या व्यक्तीसाठी घर चालवण्याच्या खर्चातला निम्म्याहून,'" पुन्हा थांबले, "'निम्म्याहून अधिक खर्च तुम्ही करत असाल, तर आणि तरच या चौकोनात खूण करा.'"

निम्म्याहून हा शब्द छापलेला एकदाच होता. दुसऱ्यांदा तो ओडेलचा होता.

"भाडं मी भरते," कोरीन म्हणाली.

"मी विचारलेलं नाही."

"वीज, गॅस, दूध, शाळेचे बूट, सगळं मी. मुलं महिन्यातल्या चार रात्री सोडल्या तर माझ्याकडेच असतात."

"मी ऐकतसुद्धा नाहीये," ओडेल म्हणाले आणि पान उलटलं.

मग तिने घटस्फोटाच्या निकालपत्रातली गोष्ट सांगितली. वकिलांनी मुलं कागदावर वाटून दिली होती. करापुरता एमेट बापाच्या नावावर आणि टेसा आईच्या. तिथे ही पद्धतच आहे, पाव कापावा तशी मुलं कापतात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. एक मूल त्याच्या कागदावर गेलं म्हणजे कुटुंबप्रमुख होण्याचा आपला हक्कही गेला, असं कोरीन इतके महिने धरून चालली होती.

ओडेलनी ड्रॉवरमधून सरकारचं एक जाडसर पुस्तक काढलं, खूण घातलेलं पान उघडलं आणि त्यातल्या चार ओळी त्याच रविवारच्या आवाजात वाचल्या. मूल आईकडे राहतं आणि आईच्याच कागदावर आहे, तर त्या एका मुलाने भागतं. दुसरं कुणाच्या कागदावर आहे याची तिसऱ्या चौकोनाला पर्वा नाही. खूण त्या पानावर आधीपासून होती, हे कोरीनच्या नंतर लक्षात आलं. म्हणजे ही व्यक्ती ऑक्टोबरापासून वाट बघत बसली होती.

"याने फरक किती पडेल?"

"तुम्हाला किती पडेल ते मी सांगू शकत नाही. पण समजा, एक बाई आहे." ओडेलनी खुर्ची पुढे ओढली. "झाकणं तपासते. पगार अमुक. एक मुलगी तिच्या कागदावर."

"तिचं नाव काय?"

"तिला नाव नाही. नाव दिलं की सल्ला होतो."

त्या बिननावाच्या बाईचे आकडे ओडेलनी कागदावर मांडले आणि कागद काचेखालून सरकवला. एकशे तीसच्या जागी सोळा. कोरीनने तो कागद दोनदा वाचला. कोरा फॉर्म तेवढा घेऊन ती परत फिरली, पाळी बदलायचा कागद न घेताच, आणि ओडेलनी तो मुकाट्याने ड्रॉवरमध्ये टाकला.

त्या संध्याकाळी जेवताना फॉर्म टेबलावरच होता. कांद्यावर परतलेल्या पिरोगींची, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांची, ताटली एका बाजूला, फॉर्म दुसऱ्या. तिसऱ्या चौकोनातली खूण तिने आल्या आल्या केली होती. अडलं पुढे. प्रत्येक मुलामागे वर्षाला दोन हजार डॉलरांची करसूट धरून रकमेचा रकाना भरायचा होता, आणि तिथे तिने पेन्सिलीने चार हजार लिहिले. पैशांसाठी नाही. दुसऱ्या मुलाने फरक पडणार तो जेमतेम सोळा डॉलरांचा, कर उरलाच होता तेवढा. पण आईने आपली मुलं मोजायची आणि एक म्हणायचं, हे तिच्या हाताला जमेना.

एमेटने मान तिरकी करून कागद वाचला.

"बरोबर आहे. दोन मुलं, दोन दोन हजार, चार हजार."

"बरोबर नाही," कोरीन म्हणाली. मग तिने त्याला सगळं सांगितलं, वळसे न घालता. करापुरता तो बाबांच्या कागदावर आहे. कोर्टात तसं ठरलंय. याचा अर्थ तेवढाच, दुसरा काही नाही.

एमेट बराच वेळ काट्याने एक पिरोगी ताटलीभर ढकलत राहिला.

"म्हणजे मी बाबांच्या कागदावर, आणि माझे मोजे इथे?"

"मोजे इथे. तू पण इथे. गणिताची वही पण इथे, अजून उघडली नाहीस ती."

"वही बाबांच्या कागदावर घालता येत नाही का?"

टेसाने विचारलं, मग मी कुणाच्या कागदावर? आईच्या, असं कळल्यावर तिची किंमत किती ते विचारलं, आणि दोन हजार ऐकून तिचे डोळे विस्फारले. तेवढीच एमेटची पण, हे ऐकून मात्र ती जरा नाराज झाली. एमेट म्हणाला, मी बाबांचे दोन हजार वाचवतो, तर त्यातले निदान वीस मला मिळायला हवेत, बोलतो त्यांच्याशी. मग खोडरबर त्यानेच शोधून आणून दिलं. कोरीनने चाराचा आकडा खोडला. कागद तिथे थोडा विरला, पण दोन स्पष्ट उमटला.

बुधवारी कॅन्टीनमधल्या टेबलावर तिने तो कागद उघडला. रोझलीचा सल्ला कुणी धुडकावल्याचं कुणाला आठवत नव्हतं. रोझलीने आधी थट्टा केली. मग, आमच्यात एक कुटुंबप्रमुख आल्या म्हणे, उठून उभं राहायचं का, असा टोमणा मारला. त्यावर एकदोघी हसल्या. कोरीन हसली नाही, तशी रोझलीने हातातलं सँडविच खाली ठेवलं.

आणि मग तिने जी गोष्ट सांगितली ती एकोणतीस वर्षांत टेबलाने ऐकलेली नव्हती. तिचा नवरा, त्याचं नाव साल, वारला तेव्हा तिने फॉर्मला हात लावला नाही. दोघांचं होतं तसंच चालू ठेवलं. कपात कमी होत राहिली, हातात बरे पैसे येत राहिले, आणि एकदा एप्रिलमध्ये सरकारचं बिल आलं, एकोणीसशे डॉलरांचं. तेवढे पैसे कुठून आणायचे? साल लग्नांमध्ये अकॉर्डियन वाजवायचा. ते पाच मैलांवरच्या एका माणसाला विकलं. तो माणूस पैसे देताना सहज दोन सूर वाजवून बघत होता, आणि रोझली त्याला बंद करा म्हणूही शकली नाही. त्या दिवसापासून शून्य.

"पोरी, मी सोफ्यासाठी सांगत नव्हते गं," ती म्हणाली. "भरपूर कापून घेतलं की एप्रिल शांत जातो. मला तुझा एप्रिल शांत जायला हवा होता."

कोरीनने तिच्या हातावर हात ठेवला. तिला आता राग नव्हता.

"एप्रिल शांतच जाईल, रोझली. पण तोवर माझी पोरं ब्रेटकडे झोपायला जातील. तिथून परत कशी आणू?"

रोझलीने पर्समधून चष्मा काढला, फॉर्म ओढून घेतला, आणि नवा फॉर्म आल्यापासून पहिल्यांदा तो वरपासून खालपर्यंत वाचला. ओठ हलत होते. बाजूची बाई काही बोलायला गेली तर तिला हात करून थांबवलं. आयुष्यभर ज्यावर मत दिलं तो कागद शेवटी एकदा वाचायला घेणं, आणि तेही सगळ्यांच्या देखत, याला छाती लागते.

"हे काय आहे?" शेवटच्या भागातल्या एका ओळीवर तिचं बोट थांबलं. दर चेकमधून आणखी काही कापायचं असेल तर इथे रक्कम लिहा, अशी ती ओळ होती. "हे कधीपासून आहे?"

कुणालाच ठाऊक नव्हतं.

"किती उरतात तुझे?"

तूट शंभराची आणि फरक एकशे चौदाचा, म्हणजे चौदा, कोरीनने सांगितलं.

"मग इथे दहा लिही. चुकलं माकलं तर तेवढी उशी राहील खाली. आणि मला झोप लागेल."

कोरीनने दहा लिहिले. सही केली ती याच टेबलावर, या वेळी कोरड्या हाताने, आणि सही करण्याआधी सगळा कागद पुन्हा एकदा वाचला. रोझलीने स्वतःचा फॉर्म काही बदलला नाही. तिचं सगळं बरं चाललं होतं, आणि दर वर्षी फेब्रुवारीची वाट बघायला तिला आवडायचं.

ओडेलनी कागद खिडकीतून आत घेतला, तारखेचा शिक्का मारला आणि चेहऱ्यावरची रेषाही हलू न देता सांगितलं की पुढच्या चेकपासून लागू होईल. सल्ला असा त्यांनी शेवटपर्यंत दिला नाही. फक्त काचेखालून प्रत परत देताना त्यांनी मान किंचित लववली, पडदा पडल्यावर करतात तशी.

शुक्रवारी सकाळी मशीन सुरू व्हायच्या आत कोरीन व्हर्ननकडे गेली. संध्याकाळची पाळी नको, तिने सांगितलं. रात्रभर जुळवून ठेवलेली कारणं सांगायची तिची तयारी होती. त्याने कारण विचारलंच नाही. दुसऱ्या कुणाला तरी विचारतो, म्हणाला आणि वहीत तिच्या नावावर काट मारली. इतक्या पटकन होईल असं तिला वाटलं नव्हतं. ती आणखी क्षणभर तिथेच उभी राहिली. मग जाऊन आपल्या बाकावर बसली आणि दिवसभर झाकणं दाबून बघत राहिली, एक गेलं की दुसरं.

गावालगतच्या सरोवरावरून बर्फाचा वारा सुटला होता. साडेतीनला सुटून ती चर्चच्या तळघरात पोचली तेव्हा तिथली बाई, मिस अगाथा, दारातच यादी घेऊन उभी होती. फेब्रुवारीची नावं घ्यायची होती. जागा पंधरा आणि मागणारे वीस, तेव्हा ज्यांचं नक्की नाही त्यांनी आजच सांगावं, असं तिचं म्हणणं. डिसेंबरात आणि जानेवारीत कोरीनने दोन्हीदा बघते, सांगते, असंच म्हटलं होतं, आणि मिस अगाथाने दोन्हीदा तिच्या नावापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं होतं.

"टेसा डुडेक," मिस अगाथा म्हणाली. "आहे की नाही?"

"आहे."

"फेब्रुवारीपुरती?"

मागे टेसा एका पायात बूट घालून दुसरा शोधत लंगडी घालत होती, आणि कुणीतरी मोठ्याने तो सापडल्याचं ओरडत होतं.

"शाळा संपेपर्यंत लिहा," कोरीन म्हणाली. "जूनपर्यंत."

मिस अगाथाने प्रश्नचिन्ह खोडून पेनने नाव लिहिलं. कोरीनने टेसाचा दुसरा बूट चढवला, टोपी कानांवर ओढली, आणि दोघी पायऱ्या चढून बर्फात निघाल्या. घरी एमेट होता, आणि गणिताची वही या वेळी उघडलेली असेल अशी तिला आशा होती.